खोकल्याचं बीज

"म्हणजे चूक उंदरांची, असं म्हणतोस?" बोपर्डीकर बाईंनी विचारलं.

"चाचणीची, बाई," प्रल्हाद म्हणाला. "उंदीर कधी अशक्त निघतात, कधी आधीच आजारी. त्यांच्यावर किती विसंबायचं?"

"तुला पुरस्कार मिळालाय, हे त्यांना कुणी सांगितलं नाही वाटतं."

प्रल्हाद हसला नाही.

डॉ. प्रल्हाद नाईकनवरे लस बनवणाऱ्या एका संस्थेत विभागप्रमुख होता. डांग्या खोकल्याचे जंतू मोठ्या टाकीत वाढवायचे, मग ते मारायचे, आणि त्या मेलेल्या जंतूंची लस करायची, हे त्याचं काम. ते त्याला बाईंनीच शिकवलं होतं. बाई निवृत्त होऊन वाईला राहायला आल्या, त्याला आता अठरा वर्षं झाली होती.

प्रल्हादच्या टाकीत जंतू पूर्वीच्या तिप्पट वाढत. पुरस्कार त्यासाठीच मिळाला होता.

पण बॅच बाहेर जाण्याआधी ती उंदरांवर तपासत. उंदरांना लस द्यायची, काही दिवसांनी जिवंत जंतू टोचायचे. लस चांगली असेल तर उंदीर जगतात.

या वेळी निम्म्याहून जास्त मेले. पुन्हा चाचणी केली. पुन्हा मेले.

चार लाख डोस शीतगृहात अडकून पडले होते.

प्रल्हादने एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "ही चाचणी आपल्याकडे तुम्ही बसवलीत. ती आता भरवशाची राहिली नाही, एवढ्यावर सही केलीत तरी लस मंजूर करणारी समिती ऐकेल. बॅच सुटेल."

बाईंनी कागद सावकाश वाचला. चष्मा काढला.

"मूळ बीज शेवटचं कधी उघडलंस?"

मूळ बीज म्हणजे बाईंनी तरुणपणी मिळवलेले पहिले जंतू. वाळवून, काचेच्या बारीक कुप्यांमध्ये सीलबंद करून ठेवलेले. टाकीसाठी लागणारे जंतू त्या कुप्यांपासूनच तयार करायचे, अशी बाईंची रीत होती.

प्रल्हाद घुटमळला. "आठ वर्षांपूर्वी."

"आणि त्यानंतर?"

"बाई, ते जंतू फार हट्टी आहेत हो. पाच-पाच दिवस हलत नाहीत. रक्त घातल्याशिवाय खात नाहीत. मग मी काय केलं, दर वेळी जी टाकी सगळ्यात भरभर वाढली, तिच्यातूनच पुढचं बीज घेतलं. आता दोन दिवसांत तयार होतात. काहीही घाला, खातात. शहाणे झालेत."

"शहाणे झालेत..."

"हो."

"घरजावई झालेत, प्रल्हाद."

तो काहीतरी सांगायला गेला, पण बाई थांबल्या नाहीत.

"आयतं खाऊन सुटलेत," बाई म्हणाल्या. "ज्याला कुणालाच मारता येत नाही, त्याला मारून तू कसली लस करणार?"

"मला कळतं ते, बाई." त्याचा आवाज एकदम खाली आला. "पहिल्यांदा उंदीर मेले तेव्हाच कळलं होतं. पण मूळ बिजाकडे परत जायचं म्हणजे ही आठ वर्षं पुसून टाकायची. माझ्याजवळ दुसरं आहे काय?"



बाईंनी विचारलं, "डांग्या खोकला झालेलं मूल कधी पाहिलंस?"

"नाही. आता कुठे बघायला मिळतं?" हे म्हणताना त्याची मान जरा वर झाली.

"तो खोकला ऐकलास?"

"...नाही."

बाईंनी चहाचा कप उचलून बाजूला ठेवला आणि खालची बशी त्याच्या हातात दिली.

"माझ्या तोंडासमोर धर."

"कशाला?"

"बीज असंच घेतात. काचेच्या ताटलीत जंतूंचं खाद्य घालायचं, आणि ती मुलाच्या तोंडासमोर धरून उभं राहायचं. उबळ येईपर्यंत. उबळ आली की हात हलवायचा नाही. जवळ धर. वीतभर."

त्याला जरा हसू आलं. पण त्याने बशी धरली.

बाई खोकल्या. एकदा. मग लागोपाठ, मध्ये श्वास न घेता, दहा वेळा, बारा वेळा. चेहरा लाल झाला, मग काळवंडला. डोळ्यांतून पाणी आलं. मग श्वास आत ओढला, तेव्हा घशातून कोंबडा आरवल्यासारखा लांब आवाज निघाला. आणि तो संपतो न संपतो तोच पुन्हा उबळ.

त्या नक्कल करत होत्या की खरंच गुदमरल्या होत्या, ते त्याला कळेना. एकोणऐंशी वर्षांचं शरीर ते.

"बाई! बाई, पुरे!"

त्याने बशी जमिनीवर ठेवली. एका हाताने त्यांची पाठ धरली, दुसऱ्याने पाण्याचा तांब्या ओढला.

बऱ्याच वेळाने बाईंचा श्वास जागेवर आला. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"ज्या मुलीचं बीज घेतलं, ती अडीच वर्षांची होती," त्या म्हणाल्या. "आईच्या मांडीवर."

"...वाचली?"

बाई खिडकीकडे बघत राहिल्या.

 प्रल्हादने तो टाइप केलेला कागद उचलला. घडी घातली. आणखी एक घडी घातली. आणि खिशात टाकला.

"ही बॅच टाकून देतो," तो म्हणाला. "समितीला मीच सांगतो, बीज मी बिघडवलं म्हणून. मागच्या बॅचही तपासायला लावतो."

"हं."

"मूळ बिजाच्या अकरा कुप्या उरल्यात. गेल्या गेल्या एक उघडतो."

बाईंनी मान हलवली.

तो पाया पडायला वाकला. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"मघाशी बशी खाली का ठेवलीस?"

"तुमचा जीव जात होता, बाई. मला बघवेना."



"मलाही तेव्हा ती ताटली खाली ठेवावीशी वाटली होती," बाई म्हणाल्या.