बुधाजीचा पुरणपाव

एका गावात एक भोळा नवरा होता. नवरे सगळ्याच गावांत असतात आणि भोळेपणाचं सोंगही पुष्कळ जण घेतात, पण हा खराखुरा भोळा होता. बुधवारी जन्मला म्हणून आईबापांनी त्याचं नाव बुधाजी ठेवलं. बुधाजीला एक काम सांगितलं की तो तेवढंच करी. करताना एखादा धडा शिकला की तो धडा पुढच्या कामाला लावी. फक्त धडा मागच्या कामाचा असे.

गाव त्याला हसे. तोही गावाबरोबर हसे. "माझ्या डोक्यात भुसा हाय म्हणत्यात," तो म्हणे. "भुसा असता तर गाईला तरी घातला असता. त्यो बी न्हाई."

त्याची बायको सगुणा. तिचा सातवा महिना संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. तिच्या वडिलांचा, आबाजींचा, निरोप आला होता की रविवारी गाडी घेऊन न्यायला येतो. एकदा गेली की बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत ती परत यायची नव्हती. बुधाजीने बोटांवर महिने मोजले. एका हाताची बोटं संपली. त्याला जेवण गेलं नाही.

मंगळवारी सगुणा म्हणाली, "अहो, मला डोहाळा लागलाय."

"कशाचा?"

"पुरणाच्या पावाचा. तालुक्याला हुसेनचाचांनी शिमग्याला केला हुता बघा. वरनं तांबूस पाव, आत गोड पुरण."

"आत्ता जातो आन् घिऊन येतो."

"इकतचा नगं. तुमच्या हातचा पायजे, घरात केलेला. त्यो खाल्ल्याबिगार मी गाडीत पाय ठेवायची न्हाई."

बुधाजीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने जन्मात कधी चहासुद्धा केला नव्हता. पण डोहाळा पुरवला नाही तर बाळाची लाळ गळते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आपलं पोर मिशा फुटल्यावरही लाळ गाळत बसलंय आणि लोक म्हणताहेत, 'ह्याच्या बापाला एक पाव जमला न्हाई' असं त्याला दिसायला लागलं. रविवारच्या आत पाव झालाच पाहिजे.

शेजारी ठकूमावशी राहायची. पुरण करण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. बुधाजी तिच्या ओट्यावर जाऊन बसला.

"सोपं हाय," मावशी म्हणाली. "हरभऱ्याची डाळ शिजीव. मऊ झाली की गूळ घाल, आटीव, आन् पाट्यावर बारीक कर."

बुधवारी बुधाजीने डाळ घेतली आणि तशीच चुलीवर चढवली. वर पाणी बेताचंच घातलं, कारण किती घालायचं ते मावशीने सांगितलं नव्हतं. सकाळची दुपार झाली. पातेल्यात डाळ खडखड वाजत होती. मावशीने एक दाणा दाताखाली धरला आणि गालावर हात दाबून खाली बसली.

"भिजत घातली न्हाईस व्हय रं?"

"तू कुठं सांगितलंस?"

"अरं, चुलीवर जायाचा जिन्नस आदी रातभर पाण्यात बुडवून ठेवायचा!"

"आता कळलं," बुधाजी म्हणाला. "आता चूक व्हायची न्हाई."

संध्याकाळी त्याने डाळ पाण्यात घातली. मग गुळाकडे बघितलं. गूळही चुलीवरच जायचा होता. त्याने गुळाची ढेप दुसऱ्या पातेल्यात पाण्याखाली बुडवली आणि ती वर येऊ नये म्हणून वर वरवंटा ठेवला.

गुरुवारी सकाळी डाळ टम्म फुगली होती. दुसऱ्या पातेल्यात नुसता वरवंटा होता. बुधाजी पळत मावशीकडे गेला.

"मावशी, चोरी झाली! गूळ नेला."

"कुणी रं?"

"ठाऊक न्हाई. पर माणूस भला दिसतोय. जाताना पाणी गोड करून गेलाय."

मावशी आली, तिने पातेल्यात बोट बुडवून चाटलं, आणि कपाळावर हात मारला. "अरं, गूळ कुणी पाण्यात ठेवतं का? गूळ कसा, फडक्यात गच्च बांधायचा आन् आढ्याला उंच टांगायचा. मग मुंगी लागत न्हाई का काय न्हाई."

"आता कळलं," बुधाजी म्हणाला. "चोर न्हवता म्हणायचं. मीच माझ्या घरचा चोर."

मावशीने आपल्या घरचा गूळ दिला आणि पुरण होईपर्यंत ती तिथून हलली नाही, म्हणून पुरण झालं. सगुणा दारात पदर तोंडाला लावून बसली होती. ती रडत होती की हसत होती, ते बुधाजीला पाठीमागून कळत नव्हतं.

मग बुधाजी तालुक्याला हुसेनचाचांच्या भट्टीवर गेला. चाचांनी मैदा दिला आणि खमिराचा, आंबलेल्या पिठाचा, एक गोळा दिला. "हे खमीर मैद्यात मिसळ, चांगलं मळ आणि ठेवून दे," ते म्हणाले.

कुठे ठेवायचं ते चाचांनी सांगितलं नाही. पण ते बुधाजीला त्या दिवशी सकाळीच कळलं होतं. घरी येऊन त्याने पीठ मळलं, आपल्या लग्नातल्या उपरण्यात गच्च बांधलं, तीन गाठी मारल्या आणि आढ्याला उंच टांगलं. मुंगी कशी लागते तेच आता बघायचं होतं.

मुंगी लागली नाही. पीठ मात्र फुगायला लागलं. उपरणं फुगलं. पहिली गाठ सुटली. दुसरी सुटली. तेवढ्यात ठकूमावशी आत आली, बरोबर खाली उभी राहिली आणि म्हणाली, "काय रं बुधा, जमलं का?"

तिसरी गाठ सुटली.

अख्खा गोळा मावशीच्या डोक्यावर बसला. मग पिठातून आवाज आला, "बुधा, मी कुठं हाय?"

"माझ्याच घरात हायस, मावशी. घाबरू नगंस."

मावशीचे केस धुवायला चार घागरी पाणी लागलं. ते बुधाजीनेच आणलं. "मावशी," तो म्हणाला, "मला जरा शहाणपण दिऊन देवानं पाठवलं असतं, तर तुझं डोकं तरी कोरडं राहिलं असतं."

शुक्रवारी तो पुन्हा चाचांकडे. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा मैदा, खमीर दिलं. हसायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण दाढी हलत होती.

"अरे बाबा, खमिरात जीव असतो. त्याला बांधून टांगतात का? मळून झालं की तान्ह्या पोरासारखं उबेत ठेवायचं. वर गोधडी घालायची. दोन तास हात लावायचा नाही. उघडून बघायचं पण नाही. समजलं? नाहीतर मीच करून देतो चार पाव."

"न्हाई चाचा. माझ्याच हातचा पायजे म्हणालीय. आता कळलं मला, आता चूक व्हायची न्हाई."

आणि खरोखरच झाली नाही. पिठावर गोधडी घातली, दोन तास हात लावला नाही, आणि पीठ असं सुरेख फुगलं की बुधाजीला स्वतःचा संशय आला. त्याने बारा गोळे केले, प्रत्येकात पुरण भरलं, तोंडं नीट बंद केली. चाचांनी सांगितल्यासारखी मोठ्या पातेल्यात वाळू तापवली, वर ताटली ठेवून त्यात पाव मांडले, झाकण ठेवलं आणि झाकणावर निखारे पसरले. घरातली भट्टी तयार झाली.

मग त्याने झाकणावर, निखाऱ्यांवर, गोधडी घातली आणि पाठ फिरवून बसला.

"अहो, वास येतोय," सगुणा आतून म्हणाली.

"अजून दोन तास व्हायचेत."

"अहो, धूर निघतोय."

"उघडून बघायचं न्हाई म्हणलेत चाचा."

"अहो, गोधडी पेटली!"

"मी बघितलंच न्हाई तर मला कसं कळणार?"

सगुणाने घागर ओतली तेव्हा गोधडीचा एक कोपरा आणि बारा कोळसे शिल्लक होते. बुधाजीने एक कोळसा उचलून उजेडात धरला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. तरी तो म्हणाला, "वाया न्हाई गेलं. बाळाला वर्साचं काजळ निघंल यातनं."

सगुणा हसली. पण हसता हसता तिने त्याच्या तोंडावरची राख पदराने पुसली, आणि पुसायला जरा जास्तच वेळ लावला.

शनिवारी चाचांनी त्याला दुरूनच येताना पाहिलं आणि भट्टीतला माणूस बाजूला करून स्वतः पुढे आले. "आता शेवटचं सांगतो, नीट ऐक. पाव भट्टीत घातला की तिथून हलायचं नाही. मधे मधे बघायचं. वर रंग आला, की एक पाव उचलायचा, उलटा करायचा आणि बुडाला टिचकी मारायची. पोकळ वाजला तर झाला. भरीव वाजला तर अजून कच्चा आहे, परत आत टाकायचा. चाळीस वर्षं मी असंच करतोय."

चाचांचं म्हणणं अगदी खरं होतं. पण ती चाळीस वर्षं साध्या पावांची होती. पुरणाचा पाव त्यांनी एकदाच केला होता, आणि तेव्हा टिचकी मारायच्या आत लोकांनी खाऊन टाकला होता.

रविवारी बुधाजी तांबडं फुटायच्या आधीच उठला. डाळ भिजलेली होती, गूळ कोरडा होता, पीठ उबेत होतं, गोधडी आता उरलीच नव्हती म्हणून पोतं होतं. सगळं जिथल्या तिथे. पुरण शिजवून भरलं आणि बारा पाव पातेल्यात गेले. बुधाजी हलला नाही. घरभर असा वास सुटला की ठकूमावशी डोक्याला फडकं बांधून दारात येऊन उभी राहिली. आत यायला मात्र तयार नव्हती.

रंग आला. बुधाजीने एक पाव उचलला, उलटा केला, टिचकी मारली.

ठस्स.

परत आत टाकला. थोड्या वेळाने पुन्हा काढला. ठस्स. दुसरा काढला. ठस्स. बाराही पाव ठस्स वाजले. पाव आता काळसर व्हायला लागले होते आणि वेशीकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज यायला लागला होता.

बुधाजीला घाम फुटला. त्याने जन्मात केला नव्हता एवढा विचार केला. पाव पोकळ का वाजत नाही? कारण आत काहीतरी आहे. काय आहे? पुरण आहे. त्याने चमचा घेतला, एका पावाला बुडाशी भोक पाडलं, सगळं पुरण कोरून काढलं आणि टिचकी मारली.

टक्.

"झाला!" बुधाजी ओरडला. भराभरा त्याने बाराही पाव कोरले. बाराही पोकळ वाजले. एवढा आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

आबाजी दारात आले तेव्हा जावई हातात पाव घेऊन समोर उभा होता.

"काय चाललंय, जावईबापू?"

"मामा, ऐका." बुधाजीने पाव त्यांच्या कानाशी धरून वाजवला.

आबाजींनी ऐकलं. काय बोलावं ते न कळून ते म्हणाले, "चांगला वाजतोय."

सगुणा पाटावर बसली. बुधाजीने तिच्या हातात पाव दिला. तिने घास घेतला. चावला. पावात बघितलं.

"अहो, पुरण कुठाय?"

"काढलं."

"का?"

"पोकळ वाजत न्हवता."

आबाजी घाईघाईने बैलांकडे वळले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मावशी दाराची चौकट धरून खाली बसली. सगुणा तर इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं. बुधाजीही हसला, पण हसता हसता त्याने बोटांवर दिवस मोजले. सहावा दिवस, आणि पाव नाही.

हसून झाल्यावर सगुणाने डोळे पुसले आणि एकदम गंभीर झाली.

"आबा, हा काय पुरणाचा पाव न्हवं. माझा डोहाळा राहिला. त्यो खाल्ल्याबिगार मी गाडीत पाय ठेवायची न्हाई, आसं बोलून बसलीय मी."

"मग गं?"

"मग काय. तुमी माघारी जावा. हितंच हुईल बाळंतपण. मावशी हाय, सुईण हाय. आईला पाठवून द्या पंधरा दिवसांनी."

आबाजींनी लेकीकडे बघितलं, जावयाकडे बघितलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. रीत मोठी खरी, पण पोटुशीच्या डोहाळ्यापुढे रीत काय करणार? "बरं बाई," ते म्हणाले. "बैल सोडतो, पाणी पाजतो, आन् तसाच माघारी जातो."

सगुणाने बुधाजीकडे बघितलं. डोळे मोठे केले. भुवया उंचावल्या. मान अगदी हळू, डावीकडून उजवीकडे हलवली. दारातून मावशीनेही तसंच केलं.

बुधाजीने ते सगळं बघितलं. पण त्याला दिसत होतं ते मिशा फुटलेलं, लाळ गाळणारं आपलं पोर.

"थांबा मामा! बैल सोडू नगा!" तो ओरडला. "पुरण हाय की! टाकलंय कुठं? वाटीत झाकून ठेवलंय!"

तो आत धावला, वाटी घेऊन आला, पोकळ पावात बोटाने पुरण भरलं आणि सगुणाच्या तोंडापुढे धरलं. "खा. माझ्या हातचा हाय. घरात केलेला."

आता नाही कसं म्हणणार? सगुणाने पाव खाल्ला. पाव मऊ होता, पुरण गोड होतं, वेलदोडा बेताचा होता. इतका चांगला पाव त्या पंचक्रोशीत कोणी केला नसेल. ती खाली मान घालून तो हळूहळू चावत राहिली, आणि संपल्यावर उठून गाडीत जाऊन बसली. उरलेले अकरा पाव आबाजींनी वाटेत खायला बांधून घेतले.

गाडी वळणाआड गेली. घुंगरांचा आवाज थांबला तरी बुधाजी रस्त्यातच उभा होता. त्याने पुन्हा बोटं मोजली. तेवढीच भरली.

ठकूमावशी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. "अरं बुधा, तिला जायाचंच न्हवतं. तुला सोडून जायाला जीव हुईना, म्हणून तर असला डोहाळा काढला पोरीनं. तुला पाव जमायचा न्हाई, ह्याची तिला खात्री हुती."

"मग तसं सांगायचं न्हाई व्हय मला?"

"सांगत हुती की! डोळ्यानं सांगत हुती, गप ऱ्हावा म्हणून. मी बी सांगितलं."

बुधाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते उपरण्याने पुसलं आणि बराच वेळ विचार केला.

"मावशी," तो म्हणाला, "डोळ्यानं सांगितलेलं कानाला कसं ऐकू येणार?"