माडीवरची चटई

खूप खूप वर्षांपूर्वी एका राजाला समुद्रकाठी बंदर बांधायची हौस आली, तेव्हाची ही गोष्ट. बंदर झालं, गलबतं आली, आणि गलबतांच्या मागोमाग माणसं आली. जो तो म्हणू लागला, आपणच तेवढे मागे राहिलो.

बंदरापासून लांब, नदीकाठच्या गावात दोघे कुंभार भाऊ राहत. धाकटा बायकोला घेऊन बंदरावर गेला. थोरला आपल्या बायकोसह गावातच राहिला. घर काही मोठं नव्हतं, पण पुढे ऐसपैस अंगण होतं. माती नदीची, पाणी नदीचं, जळण रानातलं. थोरलीला यातलं काहीच दिसत नसे, कारण ते रोजचंच होतं.

धाकटी सणाला आली की मात्र थोरलीला सगळं दिसे. धाकटीचे पैंजण दिसत. नवं लुगडं दिसे.

"मग, कसं काय बंदरावर?" भाकरी थापता थापता थोरलीने विचारलं.

"बरं चाललंय, जाऊबाई. माडीवर राहतो."

"माडीवर?"

"हो तर. घरातनं समुद्र दिसतो. पाणी दारात येतं. दळायचं म्हणाल, तर जात्याला हातसुद्धा लावत नाही मी."

तव्यावरची भाकरी करपली. थोरलीने ती नेमकी धाकटीच्या ताटात वाढली.

धाकटी गेल्यावर थोरली नवऱ्याच्या मागे लागली. "अहो, आपणही जाऊ या."

"इथे तुला काय कमी आहे?"

"मला कमी आहे असं कुठे म्हणते मी? तिला जास्त आहे, असं म्हणते."

कुंभाराने चाक थांबवलं. सामान बांधायला घेतलं.

त्या गावाची एक रीत होती. गाव सोडणारी बाई आपल्या चुलीतला निखारा शेजारणीला नेऊन देई. ठेव म्हणून दिला, तर घर तिचंच राही. कायमचा दिला, तर शेजारणीने त्या घरात चूल पेटवायची आणि घर आपलं म्हणायचं.

शेजारणीने खापर पुढे केलं. "ठेव म्हणूनच ना गं?"

अर्धं गाव निरोपाला जमलं होतं. थोरलीच्या मनात आलं, ठेव म्हटलं तर ते धाकटीच्या कानावर जाणार. ती म्हणणार, बघा, जाऊबाई परतीची वाट राखून आल्या.

"ठेव कशाला? घेऊन टाका," थोरली मोठ्याने म्हणाली. "आम्ही काय आता परत येतोय?"

कुंभाराने तोंड उघडलं, तोवर शेजारणीने निखाऱ्याचं खापर त्यांच्या घरात नेलंसुद्धा. तिच्या मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं.

बंदरावर धाकटीने दोघांना एका शिडीवरून वर नेलं. कौलांखाली एक माळा होता. वाकूनच चालावं लागे. खाली चटयाच चटया, आणि प्रत्येक चटईवर एक संसार. तिथे घर भाड्याने मिळत नसे, चटई मिळे. थोरलीचा पाटा-वरवंटा पाहून मालकाने त्याचंही वेगळं भाडं लावलं.

"तू माडीवर राहतो म्हणालीस!"

"मग ही काय आहे? खालचं परवडत नाही, जाऊबाई."

"समुद्र दिसतो म्हणालीस."

"हे कौल सरकवलं की दिसतो."

"आणि पाणी?"

"पखालवाला आणतो की दारात. पैसे मोजले तर ओततो, नाहीतर परत नेतो."

"जात्याला हात लावत नाहीस ना?"

"जातं ठेवू कुठे?"

थोरली मटकन चटईवर बसली. "मग खोटा डौल कशाला मिरवलास, बाई?"

धाकटीने मान खाली घातली. "तुमच्या अंगणात पापड वाळत होते. इथे मला ओलं लुगडं वाळत घालायला जागा नाही. ते अंगण बघितलं आणि तोंडातून माडीच निघाली."

बंदरावर मडक्याला भाव चांगला होता. पण माती विकत, जळण विकत, पाणी विकत. सगळ्यांचं देऊन झालं की हाताला नुसता चिखल उरे.

पुढच्या सणाला थोरली गावी आली. तिच्या अंगणात शेजारणीची सून पापड घालत होती.

"या, काकू, बसा ना," सून म्हणाली. थोरली आपल्याच अंगणात पाहुणी म्हणून बसली.

शेजारीण मनाने चांगली होती. तिने थोरलीचा सुकलेला चेहरा पाहिला आणि हळूच म्हणाली, "मागची पडवी रिकामीच आहे गं. चाकही मावेल. यायचं असेल तर ये."

एका शब्दाचं काम होतं. थोरलीने तो शब्द ओठांवर आणलाही. तेवढ्यात सुनेने पापडांची नवी ओळ धरली. तरी अंगण अजून अर्धं मोकळंच होतं.

"आम्हाला कशाला पडवी?" थोरली म्हणाली. "आम्ही माडीवर राहतो."

सुनेचा हात पापडावरच थांबला.

"माडीवर?"

वर्ष सरायच्या आत माळ्यावर आणखी एक चटई पडली. मागणी वाढली म्हणून मालकाने सगळ्यांचंच भाडं वाढवलं. आता थोरली, धाकटी आणि ती सून अशा दाटीने झोपतात, की एकीला कूस बदलायची तर तिघींना बदलावी लागते. गावातल्या त्या अंगणात गवत माजलंय. शेळ्या मात्र खूश आहेत.

तात्पर्य : हेव्यापायी घर सोडलं, तर हातचं अंगण जातं आणि भाडं सगळ्यांचंच वाढतं.