त्रेसष्ट गाड्यांचा एक सायलेन्सर

डोंगराच्या खळग्यात एक गाव होतं आणि त्या गावात दुधाला पाणी घालायची कुणाची छाती नव्हती. कारण गावच्या दूध डेअरीचे चेअरमन खंडेराव आबा. त्यांच्या सख्ख्या मेहुण्याने एकदा तपासायला घट्ट दूध पुढे केलं आणि किटलीतून पातळ ओतलं. आबांनी त्याला भर चौकात उभं केलं आणि वर्षभर त्याचं दूध घेतलं नाही. एवढा करारी माणूस! लोक त्यांचं नाव घेऊन शपथा घ्यायचे.

या करारी माणसाकडे पंधरा वर्षं जुनी मोटारसायकल होती. तिच्यावर किटल्या लादून ते रोज पहाटे मळ्यातून डेअरीवर येत. एके दिवशी गाडी चढावर दम टाकू लागली. आबांनी ती गेनू मेस्त्रीच्या गॅरेजात नेली. मेस्त्रीने गाडी उघडली, पाहिली आणि खरं ते सांगितलं.

"आबा, इंजिन ऑइल खातंय. त्याच्या काजळीनं सायलेन्सरातली जाळी तुंबलीय. चार दिवस गाडी सोडा. इंजिनाचं काम करतो आन् नवी जाळी बसवतो."

सायलेन्सरच्या पोटात ही जाळी असते. इंजिनातून येणाऱ्या धुरातलं विष मारायचं आणि मगच तो बाहेर सोडायचा, एवढ्यासाठी ती बसवलेली असते. गाडी पळवण्यासाठी ती नसतेच. ती असते मागच्या माणसासाठी. आणि मागच्या माणसासाठी चार दिवस पायी चालायची आबांची तयारी नव्हती.

"जाळी फोडून टाक," आबा म्हणाले.

मेस्त्रीने पहार घातली आणि जाळीचा भुगा करून झाडून टाकला. मोकळ्या नळकांड्यातून गाडी अशी सुसाट सुटली की आबा खूश झाले. चेअरमनने केलं म्हणजे ते योग्यच असणार, असं म्हणत महिन्याभरात साऱ्या गावाने आपापल्या गाड्यांच्या जाळ्या फोडून घेतल्या. त्रेसष्ट गाड्या! ज्यांच्या जाळ्या धडधाकट होत्या त्यांनीसुद्धा फोडल्या. डोकं गहाण टाकायचंच ठरवलं की माणसं रांग लावतात.

मग प्रश्न आला धुराच्या तपासणीचा. पीयूसीचा कागद नसेल तर तालुक्याला पोलीस गाडी अडवतात. त्यावर आबांनीच तोड काढली. गावाने एकमेकांचं बघून एकाच जातीची गाडी घेतलेली होती. तेव्हा जाळीवाला एक चांगला सायलेन्सर आणून मेस्त्रीच्या गॅरेजात टांगून ठेवायचा. ज्याच्या कागदाची मुदत संपेल त्याने तो तासाभरापुरता गाडीला लावायचा, तालुक्याला जाऊन कागद घ्यायचा आणि परत आणून खुंटीला अडकवायचा. गावात लग्नासाठी एकमेकांचा कोट मागून नेतात, तसा हा सायलेन्सर फिरू लागला. कागदावर त्रेसष्ट गाड्या धुतल्या तांदळासारख्या होत्या. आणि या हुशारीचं गावाला कौतुक वाटत होतं, हे लिहिताना आजही माझं डोकं फिरतं.

कारण त्या धुरात एक बाई बसत होती.

तिचं नाव द्वारका. डेअरीत दूध तपासायचं काम तिचं. शेडला तिन्ही बाजूंनी पत्रे, आत तिची खोली आणि खोलीला एक खिडकी. पहाटे त्या खिडकीसमोर गाड्यांची रांग लागायची. बंद केलेली जुनी गाडी पुन्हा लवकर चालू होत नाही, म्हणून कुणी इंजिन बंद करत नसे. दोन हिवाळ्यांत द्वारकेला दमा जडला. आधी जिना चढताना धाप लागायची, मग बोलतानाही लागू लागली. डॉक्टरांनी बजावलं, "धुरापासून लांब राहा, नाहीतर एक दिवस श्वास अडकेल तो सुटणार नाही."

द्वारका आबांकडे गेली. "आबा, गाड्यांना जाळ्या बसवा. न्हाईतर निदान रांगेत इंजिन तरी बंद करायला सांगा. मला श्वास घेता येत न्हाई."

"तोंडाला पदर लावून बस की," आबा म्हणाले. भोवतीचे चौघे फिदीफिदी हसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे द्वारकेने रांगेतल्या पहिल्या किटलीतलं दूध तपासलं. ते गाईचं होतं, पातळ होतं. त्याचा जो फॅट आला तोच तिने त्रेसष्ट जणांच्या नावापुढे लिहिला आणि यंत्र बंद केलं. फॅटवर दुधाचा भाव ठरतो आणि आबांच्या म्हशींचं दूध गावात सगळ्यांत घट्ट. ते खिडकीवर येऊन कडाडले.

"माझं दूध न तपासता फॅट लिहिलास? ह्याच्या गाईचा फॅट माझ्या म्हशीला?"

"एका सायलेन्सरवर त्रेसष्ट गाड्या पास होत्यात, आबा. मग एका नमुन्यावर त्रेसष्ट किटल्या का होऊ नयेत?"

"दुधाचं वेगळं हाय! दूध माणसं पित्यात!"

"आन् धूर मी पिते," द्वारका म्हणाली.

आबांची मान खाली गेली. त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला की आठ दिवसांत प्रत्येक गाडीला जाळी बसेल. त्या बिचारीने तो खरा मानला आणि त्याच दिवशी पुन्हा एकेक किटली तपासायला घेतली.

आठव्या दिवशी त्रेसष्ट गाड्या आल्या. प्रत्येक सायलेन्सरच्या तोंडाशी चकचकीत जाळी दिसत होती. द्वारकेने खिडकीतून वाकून पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई उपकार झाले, आबा," ती म्हणाली आणि तिने तोंडावरचा पदर काढला.

ती जाळी म्हणजे चाळणीचा तुकडा होता! मेस्त्रीने कात्रीने कापून सायलेन्सरच्या तोंडाला डाग देऊन चिकटवला होता. आत नळकांडं होतं तसं मोकळंच. हीही तोड आबांचीच. "बाईला दिसल्याशी मतलब," ते मेस्त्रीला म्हणाले होते. मेहुण्याला चौकात उभं करणारा हाच तो माणूस. त्याला चौकात कुणी उभं केलं नाही. कोण करणार? चौकात उभे राहणारे सगळे त्याच्याच चाळणीचे.

पुढे एका पहाटे धुकं दाट पडलं. धूर वर जाईना, शेडमध्येच कोंडला. विसाव्या किटलीला द्वारकेच्या हातातलं भांडं खाली पडलं. ती खिडकीची कड धरून उभी राहिली, तोंड उघडलं, पण हवा आत जाईना. तिचे ओठ निळे पडले.

दवाखाना टेकडीपलीकडे, दीड कोसावर. दूध न्यायला येणाऱ्या टेम्पोला अजून दोन तास अवकाश. आबांनी स्वतः गाडी पुढे काढली. द्वारकेला मध्ये बसवलं आणि तिला धरायला मागे आपली बायको सोनाबाई. चढ लागला तशी गाडी मंदावली. खळग्याबाहेर चढावर वारा होता, तोही पाठीमागून. सायलेन्सरातून निघालेला काळा धूर वाऱ्याबरोबर पुढे आला आणि तिघांना वेढून बसला. द्वारकेने आबांच्या पाठीवर दोनदा हात आपटला. तिसऱ्यांदा तो उचललाच नाही.

"थांबवा गाडी!" सोनाबाई ओरडली. "उतरवा तिला. ह्या गाडीवर ही जित्ती पोचायची न्हाई."

आबांनी मागे वळून पाहिलं. मदतीला म्हणून आणखी दहाबारा गाड्या धूर सोडत चढ चढत होत्या. सोनाबाई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि दोन्ही हात पसरून किंचाळली, "लांब राहा, मेल्यांनो!" गाड्या जागच्या जागी बंद झाल्या. जवळच्या वस्तीवरून कुणीतरी बाज आणली. मोटारसायकली रस्त्यावर टाकून त्यांच्या मालकांनी ती बाज खांद्यावर घेतली आणि ते पळत सुटले. चढ संपेपर्यंत आबांच्या तोंडाला फेस आला, तरी त्यांनी खांदा बदलू दिला नाही. आता खांदा देऊन काय उपयोग होता?

द्वारका वाचली. पण डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं गेली ती गेली. इथून पुढे ही ऑक्सिजनची नळी नाकाला राहील आणि चार पावलांपुढे हिला चालता येणार नाही. तिचं वय तेव्हा चौतीस होतं.

संध्याकाळी आबा तिच्या खाटेशी आले. त्यांनी हातातली टोपी चुरगाळली. "पोरी," ते म्हणाले, "उद्याच्या उद्या खरी जाळी बसवतो. सगळ्या गावाला बसवायला लावतो. फक्त एकदा माफ केलं म्हण."

द्वारकेने त्यांच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. तेवढा श्वास तिच्यापाशी उरला नव्हता.

तात्पर्य: तपासणाऱ्याला फसवलं असं लबाडाला वाटतं, पण मार तपासणाऱ्याला बसत नाही, तो बसतो शेजारच्या निरपराध माणसाला, आणि त्याचं नुकसान झाल्यावर घातलेली खरी जाळीसुद्धा त्याच्या कामाची नसते.