सुगंधाबाईंचा शेजार

फार पूर्वी एका नारळीच्या बागेला दगडी गडगा होता. त्याच्या फटींमध्ये गोगलगाय, पाल, म्हातारा बेडूक आणि सुगंधा नावाची चिचुंद्री शेजारी शेजारी राहत.

सुगंधाला घाणीचा भारी तिटकारा. एकदा ती नाक मुरडून म्हणाली, "इथं कोणीतरी घाणेरडं राहतंय. वासानं माझं डोकं उठलंय."

पहिला संशय गोगलगायीवर गेला. तिच्या चिकट अंगाला नावं ठेवून सुगंधानं तिला हाकललं. वास गेला नाही, म्हणून पालीलाही घालवलं. तरी वास होताच. मग उरला बेडूक.

निघताना तो हळूच म्हणाला, "सुगंधाताई, मी गेल्यावरही वास आला, तर एकदा स्वतःचं अंग हुंगून बघा."

"आमच्या घराण्यात असलं काही नाही," सुगंधा म्हणाली.

बेडूक गेला. तिनं सगळा गडगा झाडून काढला आणि समाधानानं श्वास घेतला. वास आलाच. मग आजूबाजूला कोणी नाही असं पाहून तिनं स्वतःचं अंग हुंगलं.

"बघा मेल्यांचा खोडसाळपणा," ती म्हणाली, "जाता जाता स्वतःचा वास मला लावून गेले."