सुगरणीची खारट आमटी

नदीच्या वळणावरच्या एका गावात एक सुगरण राहत होती. ती सुगरण आहे हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. पटत नव्हतं ते फक्त तिच्या चार वर्षांच्या लेकीला.

कुणाच्या लग्नात पुरण शिजवायचं असलं तरी हिलाच बोलावणं यायचं. पण घरात ताट वाढलं की लेक तोंड फिरवायची. तूप घालून मऊ भात कालवला तर म्हणे चिकट आहे. थालीपीठ लावलं तर म्हणे टोचतं. सुगरण बिचारी वाटी घेऊन अंगणभर मागे पळायची, काऊचा घास, चिऊचा घास करायची, शेवटी दटावायची. लेक घास गालात धरून बसायची आणि आईची पाठ वळली की मांजराला घालायची. मांजर मात्र चांगलं गुटगुटीत झालं होतं.

त्या घरची रीत अशी, की आधी नवरा जेवायचा, मग लेकीला भरवायचं, आणि सगळं आवरलं की सुगरण एकटीच चुलीपाशी बसून उरलंसुरलं खायची. आईला जेवताना लेकीने कधी पाहिलंच नव्हतं.

एके दिवशी कुंपणापलीकडची शेजारीण कौतुकाने म्हणाली, "वहिनी, तुमची लेक किती छान जेवते हो. काल आमच्याकडे अख्खी भाकरी संपवली."

सुगरणीने हसून मान डोलावली, पण आतून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारणीचं घर टोपल्या विणणारं. सगळे दिवसभर कामात, त्यामुळे स्वयंपाक म्हणजे एकदाचं उरकून टाकायचं काम. भाकरी एका बाजूने करपलेली, आमटी पाण्यासारखी. असलं खाते माझी पोर?

तिने लेकीला कुंपणापलीकडे जायची बंदी केली. लेकीने पेजेखेरीज काही घेतलं नाही. चेहरा सुकला, आणि एका दुपारी तिने विचारलं, "आई, मी पलीकडच्या मावशीकडेच राहू का गं?"

सुगरणीच्या काळजात चर्र झालं. जेवणाचं एकवेळ चालेल, पण पोरच त्या बाईची होऊन बसली तर? तिला शेजारणीचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. आणि मग एक वाईट बुद्धीही सुचली.

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी तिने लेकीला आपणहून शेजारी पाठवलं आणि मागोमाग विरजण मागायच्या निमित्ताने स्वतः गेली. शेजारीण परसात सगळ्यांना हाका मारायला गेली होती. चुलीवर आमटी रटरटत होती. सुगरणीने थोडी चाखून पाहिली. ना चिंच, ना गूळ, फोडणी म्हणजे नुसता जळलेला लसूण. या आमटीपुढे आपण हरलो, हे काही तिला सोसेना. तिने मिठाच्या बरणीत हात घातला आणि मूठभर मीठ आमटीत लोटून दिलं. आता बघू, कशी जेवते ते.

एवढ्यात सगळे हातपाय धुऊन आले. शेजारणीने मोठ्या परातीत भाकऱ्या कुस्करल्या, वर आमटी ओतली, आणि नवरा, मुलं, सुगरणीची लेक, सगळे भोवती बसले.

"वहिनी, तुम्ही पण टेका," शेजारीण म्हणाली. "दोन घास खाल्ल्याशिवाय विरजण नाही मिळायचं."

सुगरणीला नाही म्हणता येईना. ती बसली.

पहिल्याच घासाला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली.

"अगंबाई," शेजारीण म्हणाली, "माझ्या हातून दोनदा मीठ पडलं वाटतं. धांदरटच मी."

नवऱ्याने तांब्याभर पाणी ओतलं, थोरल्या मुलाने आणखी भाकरी कुस्करली, कुणी कांदा फोडला. हसत-खोकत सगळे पुन्हा जेवू लागले. लेकही नाक मुरडून घोटभर पाणी प्यायली आणि इतरांसारखाच तिने परातीत हात घातला. ती काय खाते, किती खाते, इकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ज्याला त्याला आपापली भूक होती.

सुगरणीचंही लक्ष नव्हतं. खारट घास गिळावेत की शरम गिळावी, तिला कळेना. मान खाली घालून ती जेवत राहिली. तेवढ्यात कुणीतरी तिच्या मांडीला टेकलं. लेक सरकत सरकत तिच्याजवळ आली होती. आईच्या पुढ्यातला काला तिने आपल्या तोंडात घातला आणि पुढचा घास आईच्या तोंडाशी धरला.

"आई, तू पण जेवतेस?" तिने नवलाने विचारलं.

सुगरणीने तो घास खाल्ला आणि मान वर केली.

"मीठ मी घातलं," ती शेजारणीला म्हणाली. "पोर माझ्या हातचं खात नाही आणि तुमच्या हातचं खाते, हे बघवलं नाही मला."

शेजारीण परातीत तिच्या बाजूला आणखी आमटी ओतत म्हणाली, "मग आता परात रिकामी होईस्तोवर तुम्ही उठायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून सुगरणीच्या घरी तिघांची पानं एकदम मांडली गेली. लेकीने भात खाल्ला, भाजी नुसतीच चिवडली आणि अर्धी पोळी तशीच टाकून ती खेळायला पळाली. सुगरणीच्या ओठांवर हाक आली होती. ती तिने आवरली आणि आपल्या पानातली पोळी खायला घेतली. स्वतःच्या हातची गरम पोळी तिने कित्येक वर्षांनी खाल्ली.

तात्पर्य: मुलाच्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा त्याच्याबरोबर जेवायला बसावं, आणि दुसऱ्याच्या घराचा हेवा वाटलाच, तर तिथली आमटी नासवण्याआधी तिथल्या पंगतीला एकदा बसून पाहावं.