मधल्या पानांचा शाप

एका राज्यात प्रजा थोडी होती आणि कवी फार. तिथला ग्रंथपरीक्षक वेणुधर. आलेल्या पोथीचं पहिलं पान वाचावं, शेवटचं वाचावं, मधल्यांना नमस्कार करावा आणि वर लिहावं, "अपूर्व!" ही त्याची वीस वर्षांची रीत. कवी खूश, वेणुधर मोकळा.

एकदा मायावती नावाच्या जादूगारिणीने आपली पोथी आणली. मधली पानं तिने मुद्दाम कोरी ठेवली होती. वेणुधराने लिहिलं, "अपूर्व!"

"वा रे पारखी!" ती म्हणाली. "न वाचता केलेली स्तुती तुझ्याच अंगात दगड होऊन राहो."

झालं. पाय घोट्यापर्यंत दगडाचे झाले. दगड रोज वीतभर वर चढे. चौथ्या दिवशी त्याने कंबर गाठली, तेव्हा मायावतीची साळुंकी खिडकीत येऊन बसली.

"तीन पोथ्या अथपासून इतिपर्यंत वाच," ती म्हणाली, "आणि मनाला जे वाटेल ते खरंखरं चारचौघांत सांग. एक मेलेल्याची, एक वैऱ्याची, एक धन्याची. वाचशील तोवर दगड थांबेल. एकदा जरी खोटं बोललास, तर शेंडीपर्यंत दगड."

वेणुधर डोलीत बसून निघाला. तीनशे वर्षांपूर्वीच्या महाकवीचं त्या राज्यात देऊळ होतं. तिथे वेणुधराने त्याची पोथी संपवली आणि सांगितलं, "वसंत सुरेख. युद्ध मात्र घरी बसून लिहिलेलं." भक्तांनी जोडे फेकले. बरेचसे दगडावर लागले, ते एक बरं झालं.

मग तो दुर्गदत्ताच्या दारी गेला. हा त्याचा जुना वैरी.

"या परीक्षकबुवा! लोक तुम्हाला वाळवी म्हणतात. मी नाही हो म्हणत. वाळवी निदान मधली पानं खाते."

वेणुधराने निमूटपणे पोथी वाचली. तीनदा हसू आलं, एकदा डोळे भरले, आणि त्याला स्वतःचाच राग आला. जिभेवर कारलं ठेवल्यासारखं तोंड करून तो भर बाजारात म्हणाला, "पोथी उत्तम आहे."

उरला राजा भद्रसेन. त्याचं विजयकाव्य बारा सर्गांचं. पहिला श्लोक दरबारात सर्वांना पाठ होता, दुसरा कुणालाच नव्हता. वेणुधराने तीन दिवस खपून ते संपवलं आणि दरबारात डोली ठेववली.

"बोला, परीक्षक."

"महाराज, अकरा सर्ग नुसते फुगवलेले आहेत."

खड्गधारी एक पाऊल पुढे सरला.

"आणि बारावा?"

"बारावाही त्यांतलाच. चांगला आहे तो सातवा. आपला घोडा मरतो तो. त्यात एकही उपमा नाही. मी तो दोनदा वाचला."

राजाने पोथी मागून घेतली आणि सातवा सर्ग उघडला.

"दहा वर्षांत त्या सर्गाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, तेवढाच फसला. उद्या तो काढून टाकणार होतो."

तडतड आवाज झाला. दगडाची खपली गळून पडली आणि वेणुधर डोलीतून आपल्या पायांनी उतरला. राजाने लेखणी मागवली आणि अकरा सर्गांवर शांतपणे रेघ ओढली.

अशी ही बारा सर्गांची पोथी एका सर्गात सुफळ झाली.