माळ्याने उपटलेला आघाडा

खूप जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्यातल्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्या राजाने भर नगरात एक दाट राई राखली होती. तिच्यात उंच झाडं होती, पायवाटा होत्या आणि वाटांच्या कडेने आपसूक उगवलेला रानपाला होता.

एक म्हातारी रोज सकाळी तिथे फिरायला यायची. रोप दिसलं की थांबायची आणि त्याचं नाव घ्यायची. "हा टाकळा. हा माका. ही भुईआवळी." लोक हसायचे. हसोत बापडे! म्हातारी आपली पुढच्या रोपाकडे वळायची.

पुढे राईवर नवा माळी आला. माणूस कामसू, पण तोरा भारी. आल्या आल्या त्याने वाटेकडेचा पाला उपटायला घेतला.

म्हातारी म्हणाली, "अरे बाबा, ही आपल्याच मातीतली रोपं. उपटण्याआधी नाव तरी विचार."

"आजी, तणाला कसलं आलंय नाव?" माळी म्हणाला.

चार दिवसांत वाटा लख्ख झाल्या. राजाने माळ्याला फेटा बांधला. मग काय, स्वारीचे पाय जमिनीवर ठरेनात.

तेवढ्यात श्रावणातला शुक्रवार आला. माळ्याच्या घरी दहा वर्षांनी पाळणा हलला होता आणि लेकीची ही पहिलीच जिवतीची पूजा होती. बायको म्हणाली, "अहो, पोरीच्या आयुष्यासाठी जिवतीला आघाडा-दुर्वांची माळ घालायचीय. राईतून मूठभर आघाडा तेवढा आणा."

माळ्याने सगळी राई पालथी घातली. शेवटी तो म्हातारीला शरण गेला. "आजी, आघाडा कुठे असेल हो?"

म्हातारीने त्याला कोपऱ्यातल्या वाळल्या ढिगाकडे नेलं. "हा बघ. तुझ्याच हातचा."

माळ्याने त्यातली एक वाळकी काडी उचलून निरखली. "आईच्या पूजेत दरवर्षी पाहिलाय मी हा!"

"ताटात पाहिलास बाळा, मातीत नाही पाहिलास."

त्या दिवशी जिवतीला नुसत्या दुर्वांची माळ पडली. बायकोने लेकीला उराशी घट्ट धरलं, आणि ते माळ्याला फार लागलं.

दुसऱ्या सकाळपासून तो म्हातारीबरोबर फिरू लागला आणि एकेक रोप ओळखायला शिकला. पुढे लेक मोठी झाली, सुखाने नांदली. पण तिच्या पहिल्या पूजेत आघाडा नव्हता, ही हळहळ बापाच्या मनातून काही गेली नाही.

तात्पर्य : ज्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही, त्याच्या मुळाला हात घालू नये.